सासूबाईंच्या पाठीला बेडसोर झालाय, कुठलं मलम लावू?

खिडकीतली
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा प्लीज.
सासूबाई ८१ वर्षांच्या. दीड महिन्यापूर्वी बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता घरीच आहेत पण उठणं-बसणं जवळपास नाहीच. काल अंग पुसताना माकडहाडाच्या जरा वर, अगदी मध्यावर, नाण्याएवढी जागा सोललेली दिसली. वरची साल गेलीय, आत गुलाबी-लाल आणि ओलसर, कडेने काळपट जांभळं. विचारलं तर म्हणाल्या, "चुरचुरतं गं थोडं, एवढं काही नाही." चार दिवस त्या कण्हत होत्या आणि मी ते ऑपरेशनचं दुखणं धरून चालले होते. स्वतःचाच इतका राग आलाय ना.
मलम आणून ठेवलंय, पावडरही आहे. एक जण सांगतो कोरडं ठेवा, दुसरा सांगतो ओलं ठेवा. शेजारच्या काकू म्हणाल्या रबरी रिंग आणून तिच्यावर झोपवा. नक्की काय करू? शुगर आहे त्यांना, गोळ्या चालू आहेत.

जुनीखोड
आमची आजी दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती, आई रोज स्पिरिटने पाठ खसाखसा चोळायची आणि वर पावडर. शेवटपर्यंत एक ओरखडा नाही. रिंगपण होती. जुन्या लोकांना कळत होतं, आता सगळ्याला ड्रेसिंग लागतं.

रात्रपाळी
थांबा थांबा, रिंग आणू नका आणि ते चोळणं तर अजिबात नको. मी २६ वर्षं वॉर्डात नोकरी केली, स्पिरिट-पावडर मीसुद्धा केलंय सुरुवातीला, तेव्हा तसंच शिकवायचे. नंतर बंद झालं त्याला कारणं आहेत. स्पिरिटने कातडी कोरडी पडते आणि तडकते. लाल झालेल्या जागेखालच्या बारीक रक्तवाहिन्या आधीच जखमी असतात, त्यावर चोळलं की त्या अजून फाटतात. पावडर घामात भिजली की तिच्या गुठळ्या होतात आणि त्याच टोचतात. जुनीखोड, तुमच्या आजीला काही झालं नाही ते बहुतेक तुमच्या आईमुळे, चोळण्यामुळे नाही. चोळण्यासाठी ती माऊली रोज आजीला कुशीवर वळवत होती आणि पाठ डोळ्याने बघत होती, खरं काम तिथे झालं.
रिंगचं असं की मधल्या भोकात जखम अधांतरी राहते हे दिसायला छान दिसतं, पण कडेचा गोल दाबला जातो आणि मधल्या भागाला रक्त येतं ते त्या कडेतूनच. म्हणजे दोरी बांधल्यासारखंच झालं.
खिडकीतली, मलमाचं नंतर बघू. ही जखम हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेंगरून होते. १९३० साली लँडिस नावाच्या संशोधकाने नखाजवळच्या केशवाहिन्यांमधला दाब मोजला होता, धमनीकडच्या टोकाला साधारण ३२ मिलिमीटर पारा निघाला. हा आकडा म्हणजे काही लक्ष्मणरेषा नाही, माणसागणिक फरक पडतो, पण अंदाज येतो की किती कमी दाबाने रक्त अडू शकतं. तुम्ही आम्ही झोपेत आपोआप हलतो. त्यांना हलता येत नाही, एवढाच सगळा फरक. तेव्हा त्या जागेवर वजन पडत राहिलं तर वरून काहीही चोपडा, जखम भरणार नाही.
आता प्रश्न. कडेचं जांभळं बोटाने दाबल्यावर रंग बदलतो का? हाताच्या पालथ्या बाजूने चाचपून बघा, आजूबाजूच्या कातडीपेक्षा ते गरम लागतं का, टणक किंवा उलट पिचपिचीत लागतं का?

खिडकीतली
दाबून बघितलं. बदलत नाही रंग, तसाच राहतो. जरा गरम लागलं, कडक नाही. त्या सावळ्या आहेत त्यामुळे नीट कळतही नाही, टॉर्च घेऊन बघितलं.

रात्रपाळी
टॉर्च घेतला ते उत्तम केलंत. सावळ्या कातडीवर पहिली लाली दिसतच नाही, तिथे हाताला जे लागतं त्यावर जास्त भरवसा ठेवायचा.
तुम्ही सांगताय त्यावरून मधली जागा दुसऱ्या पायरीची वाटते. पहिली पायरी म्हणजे कातडी शाबूत पण दाबून सोडल्यावर न जाणारी लाली, दुसरीत वरची साल जाते, तिसरीत आतली चरबी दिसते, चौथीत स्नायू किंवा हाड. पण त्या जांभळ्याची मला काळजी वाटते. कधी कधी नुकसान आतून, हाडाजवळ आधी होतं आणि वर नुसता काळानिळा डाग दिसतो, मग काही दिवसांत ते एकदम उघडं पडतं. त्यामुळे उद्याच्या उद्या डॉक्टरांना दाखवा, फोटोवर भागवू नका, आणि शुगर तपासून घ्या. तोवर त्या जागेवर झोपवायचं नाही, एक मिनिटही नाही.

निम्माशिम्मा
उगाच घाबरवू नका हो त्यांना.

रात्रपाळी
घाबरवत नाहीये, उद्याची अपॉइंटमेंट घ्यायला लावतेय.

उंबरठा
एअर बेड घेतलाय का? आम्ही बाबांना आणला होता आणि निर्धास्त झालो होतो, तीच चूक. पंप रात्रभर घूं घूं करायचा म्हणून वाटायचं चाललंय सगळं. एकदा फिजिओवाली आली, तिने गादीखाली तळहात सरकवला, बरोबर बाबांच्या कमरेखाली, आणि मला म्हणाली आता तुम्ही घाला हात. माझ्या हाताला गादीतून थेट हाड लागलं हो! कॉटच्या पायाखाली नळी पिरगळली होती, अर्ध्या नळ्यांमध्ये हवाच जात नव्हती. आणि वरून आम्ही काय काय घातलेलं, रबरी शीट, त्यावर चौपदरी चादर, त्यावर पॅड, त्यावर डायपर. चांगल्या गादीचा सगळा उपयोग तिथेच संपला. तिने सांगितलं एकच पातळ चादर, सैलसर, सुरकुती नको. पंपाचा डायल माणसाच्या वजनाप्रमाणे लावायचा, जास्त कडक केला तरी वाईट. हात घातल्यावर शरीर आणि तळ यांच्यात निदान इंचभर फुगलेली गादी लागली पाहिजे. मी रोज सकाळी हात घालून बघायचो मग.

रात्रपाळी
+१. आणि गादी आहे म्हणून कूस बदलायची नाही असं समजू नका कुणी.

खिडकीतली
उंबरठा, आत्ता जाऊन हात घातला. आमची साधी गादी आहे, मध्ये खड्डा पडलेली. उद्या बघते.
कूस बदलतो आम्ही, हे (म्हणजे नवरा) काखेत हात घालून वर ओढतात, मी पाय धरते. दिवसात चार-पाच वेळा तरी वर ओढावं लागतं कारण त्या सारख्या खाली घसरतात. पलंगाचं डोकं बरंच वर केलेलं असतं ना, टीव्ही बघायला.

भटकभवानी
अगं तेच तर! घसरणंच घात करतं. कातडी चादरीला चिकटून जागच्या जागी राहते आणि हाड आतल्या आत खाली सरकतं, मधलं मांस पिळवटतं. मग तुम्ही ओढून वर घेता तेव्हा उलट्या बाजूने तेच. ओढायचं नाही, उचलायचं. कमरेखाली खांद्यापासून मांडीपर्यंत पुरेल अशी आडवी दुमडलेली चादर कायम ठेवायची, दोघांनी दोन बाजूंनी तिचे काठ अंगाजवळ गुंडाळून धरायचे, एक-दोन-तीन म्हणून एकदम उचलून सरकवायचं. उशी आधी काढायची, पलंग सपाट करायचा. त्यांना सांगायचं हनुवटी छातीला लावा. नवऱ्याच्या पाठीचंही भलं होईल. आणि चादर काम झालं की ताठ ओढून घ्यायची, चुण्या नकोत.
टीव्हीसाठी पलंग कमी वर करा, ३० अंशापर्यंत. जेवताना उंच करावाच लागतो, ठसका लागू नये म्हणून, पण जेवण झाल्यावर अर्धा-पाऊण तासाने आठवणीने खाली. आणि आधी गुडघ्याखालचा भाग थोडा उचलायचा, मग डोकं, म्हणजे घसरत नाहीत.

रात्रपाळी
कुशीवर कसं झोपवायचं ते सांगते, कारण इथे बहुतेक घरांत चुकतं. पूर्ण आडवं, ९० अंशात झोपवलं की सगळं वजन खुब्याच्या टोकावर येतं आणि तिथे दुसरी जखम होते. अर्धवट कलवायचं, ३० अंश. पाठीमागे खांद्यापासून कमरेपर्यंत लांब उशी सरकवायची, वजन ढुंगणाच्या मांसल भागावर आलं पाहिजे. मग तुमचा हात माकडहाडाखाली घाला, तो मोकळा फिरला पाहिजे. अडकला तर उशी परत लावा. दोन गुडघ्यांमध्ये उशी, घोट्यांमध्येही काहीतरी मऊ. ऑपरेशन झालेल्या बाजूवर वळवायचं की नाही आणि किती, हे मात्र सर्जनलाच विचारा, मी इथून सांगणार नाही.
टाचांकडे बघितलंत का? माकडहाडाच्या खालोखाल टाच. उशी घोट्याखाली ठेवायची नाही, पोटरीच्या लांबीने ठेवायची, गुडघा किंचित वाकलेला आणि टाच हवेत. टाच आणि गादीमधून कागद सरकला पाहिजे. पांघरूण पायाच्या बोटांवर घट्ट खोचू नका.
अजून विसरल्या जाणाऱ्या जागा: कानाच्या पाळ्या, डोक्याची मागची बाजू, कोपर, खांद्याचं हाड. लघवीची नळी असेल तर ती मांडीखाली दबलीय का. ऑक्सिजनची नळी असेल तर कानामागे. एका बाईंच्या अंगाखाली मला चष्मा सापडला होता, रात्रभर त्यावर झोपलेल्या, काचेचा गोल उमटला होता कातडीवर.

कोराकागद
मी एकटाच आहे आईबरोबर. दर दोन तासांनी म्हणजे रात्री पण? नोकरी आहे हो मला. दोन रात्री केलं, तिसऱ्या रात्री अलार्म ऐकूच आला नाही, सकाळी उठून रडलो.

रात्रपाळी
कोराकागद, दोन तास हे काही दगडावर कोरलेलं नाही. २०१३ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या वृद्धाश्रमांमधला एक अभ्यास आला होता, दाट फोमच्या चांगल्या गाद्यांवर दोन, तीन आणि चार तासांनी वळवून बघितलं तर जखमा होण्यात फारसा फरक पडला नाही. पण त्या लोकांना आधी जखम नव्हती आणि साध्या खड्ड्याच्या गादीला हे लागू नाही. तुमच्या आईचं उत्तर तिच्या कातडीत आहे. तीन तासांनी वळवल्यावर दबलेली जागा लाल दिसली आणि थोड्या वेळात लाली गेली तर तीन तास चालतील. अर्ध्या-पाऊण तासानंतरही तशीच राहिली तर वेळ कमी करा. रात्री पूर्ण वळवायला जमत नसेल तर निदान पाठीमागची उशी थोडी काढायची, पाय जरा हलवायचे, खांदा सोडवायचा, त्यानेही भार बदलतो. आणि आठवड्यातून दोन रात्री तरी कुणाला तरी बोलवा. तुम्ही पडलात तर तिला वळवणार कोण?

जुनीखोड
रिंगचं पटलं. मग खुर्चीत बसवताना काय वापरायचं?

रात्रपाळी
सावकाश. आत्ता जखमेवर बसवायचंच नाहीये त्यांना.

खिडकीतली
अपडेट. डॉक्टर घरी येऊन गेले, बरोबर नर्सबाई होत्या. जखम दुसऱ्या पायरीची, ३ सेंटिमीटर लांब. जांभळ्या भागाचं 'नजर ठेवा' म्हणाले, पुढच्या आठवड्यात परत बघणार. मी जे मलम आणलं होतं ते बाजूला ठेवायला सांगितलं. सलाइनने धुवायची, हलक्या हाताने टिपायची आणि वर कडेला चिकटणारं फोमचं ड्रेसिंग. आणि ते रोज उघडायचं नाही!! मला तर रोज उघडून बघावंसं वाटतं. तीन दिवसांनी किंवा भिजून कडेपर्यंत आलं, मळलं, सुटलं तर बदला म्हणाल्या. हे बरोबर आहे ना? झाकून ठेवलं तर आत सडणार नाही ना?

उंबरठा
आमच्याकडे पण हेच होतं. खपली धरायला मोकळी हवा पाहिजे असं मी पण भांडलो होतो त्यांच्याशी.

रात्रपाळी
बरोबर सांगितलंय त्यांनी. खपलीची गोष्ट आपल्या डोक्यात घट्ट बसलीय. १९६२ साली जॉर्ज विंटरने डुकरांच्या पाठीवर बारीक जखमा करून बघितलं, अर्ध्या उघड्या ठेवल्या, अर्ध्या पातळ फिल्मने झाकल्या. झाकलेल्यांवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगाने सरकली. नवीन पेशींना ओलाव्यावरून सरकता येतं, कोरड्या खपलीखालून वाट काढावी लागते. ओलसर म्हणजे चिंब मात्र नाही, पाणी सुटत असेल तर शोषणारं ड्रेसिंग लागतं, म्हणून फोम. रोज उघडलं की जखम गार पडते आणि नवी साल चिकटून निघते.
हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून लोकांना बरं वाटतं, पण तो नव्या पेशींनाही जाळतो. स्वच्छ जखमेत रोज पोव्हिडोन आयोडीन ओतू नका, डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. अँटिबायोटिक पावडर मनाने भुरभुरू नका.
या गोष्टी दिसल्या तर त्याच दिवशी फोन: ताप, थंडी वाजणं, पू, वास, कडेची लाली पसरत जाणं, दुखणं वाढणं, किंवा म्हातारं माणूस एकाएकी असंबद्ध बोलायला लागणं. या वयात ताप न येताही इन्फेक्शन असतं.
आणि कुणाच्या टाचेवर काळी, कोरडी, घट्ट खपली असेल, आजूबाजूला लाली-पू काही नसेल, तर ती कात्री घेऊन काढायला जाऊ नका. ती झाकणासारखी काम करते. डॉक्टर बघून ठरवतील.

निम्माशिम्मा
खाण्याचं कुणी बोलेना. माझ्या काकांची जखम दोन महिने जैसे थे होती, मग आहारतज्ज्ञ बाईंनी हिशोब विचारला तर दिवसाला प्रोटीन जेमतेम २५ ग्रॅम जात होतं. जखम असताना वजनाच्या दर किलोला १.२५ ते १.५ ग्रॅम सांगतात, म्हणजे ४५ किलोच्या माणसाला ५६ ते ६८ ग्रॅम. कॅलरी किलोला ३० ते ३५. किडनीचा त्रास असेल तर आधी विचारायचं. आणि का खात नव्हते माहितीये? वजन उतरल्यामुळे कवळी सैल झाली होती, चावताना टोचायची आणि ते बोलले नाहीत. आम्ही आपले समजत होतो भूक नाही.

खिडकीतली
अय्या, कवळी! सासूबाईंची पण बशीतच असते हल्ली. बघते.
अजून एक, डायपरमुळे पुढे मांडीच्या सांध्यात पण लाल चट्टे आहेत. ते पण बेडसोरच का?

रात्रपाळी
नसावेत. हाडावर, एका जागी, कडा ठळक असेल तर दाबाची जखम. घडीमध्ये, पसरट, कडा पुसट, झणझणणारं असेल तर लघवी-संडासच्या ओलाव्याने भाजलेली कातडी. दोन्ही एकत्रही असतात आणि ओली कातडी दाबाने लवकर फाटते. भिजल्यावर लगेच बदला, घासू नका, साबण कमी, टिपून कोरडं आणि झिंक ऑक्साइड किंवा डायमेथिकोनचं बॅरिअर क्रीम अगदी पातळ. दरवेळी खरवडून काढायचं नाही, वरची घाण पुसायची फक्त. एकावर एक दोन डायपर घालू नका, लोक घालतात. घडीत पांढरट थर किंवा बारीक पुरळ असेल तर फंगस असू शकतं, डॉक्टरांना दाखवा.

भटकभवानी
एक लिहू का, जरा वेगळं आहे. माझ्या बाबांची जखम भरली नाही. शेवटचे दोन महिने. सगळं केलं, गादी, वळवणं, ड्रेसिंग, नर्स, सगळं. तरी रोज थोडी मोठी. मी त्या नर्सवर ओरडले पण एकदा, नंतर माफी मागितली. मग डॉक्टरांनी बसवून सांगितलं की हृदय, किडनी थकतात तशी शेवटी कातडीही थकते, तिथपर्यंत रक्तच पोचत नाही, आता जखम भरणं हे ध्येय नाही, दुखू नये आणि वास येऊ नये हे ध्येय. ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी दुखण्याचं औषध सुरू केलं. वासासाठी जखमेवर लावायचं मेट्रोनिडाझोल लिहून दिलं, तीन-चार दिवसांत खोलीत बसता येऊ लागलं, नातू परत त्यांच्याजवळ येऊन बसायला लागला. वळवायचं पण त्यांना विचारून, कधी कधी नाही म्हणायचे, मग नाही वळवायचो.
सगळ्या जखमा काळजी न घेतल्यामुळे होत नाहीत, एवढंच म्हणायचंय. नातेवाईक पाठ बघून तोंड वाकडं करतात ना, त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस.

कोराकागद
🙏

खिडकीतली
भटकभवानी, दोनदा वाचलं. थँक्यू.

खिडकीतली
साडेतीन आठवड्यांनी येतेय. एअर बेड आणला. जांभळं उघडं पडलं नाही, हळूहळू तपकिरी होऊन फिकं झालं. जखम ३ ची १.२ सेंटिमीटर झालीय, दर ड्रेसिंगला कागदी पट्टी बाजूला धरून फोटो काढते, त्यामुळे कळतं, नाहीतर रोज बघून वाटतं काहीच होत नाहीये. कवळी नीट करून आणली, आता दोन्ही वेळा अंडं खातात आणि माझ्यावर चिडतातही, म्हणजे तब्येत सुधारतेय.
परवा मात्र उजवी टाच लाल दिसली. अंगठ्याने दाबली, सोडली, लाल ती लालच. बघते तर पोटरीखालची उशी सरकून पावलाखाली गेलेली. नीट लावली, तासाभराने फिकी, संध्याकाळपर्यंत गेली. पूर्वी मी ती टाच बघितलीच नसती.
फिजिओ म्हणतायत पुढच्या आठवड्यापासून खुर्चीत बसवू. जुनीखोडने विचारलं होतं तोच प्रश्न आता माझा.

रात्रपाळी
टाच सापडली, शाब्बास!
खुर्चीचं: बसल्यावर सगळं वजन दोन बैठकीच्या हाडांवर येतं, पलंगापेक्षा जागा छोटी, म्हणून दाब जास्त. आधी डॉक्टरांना जखम दाखवून विचारा. सुरुवात १५-२० मिनिटांनी, कातडी बघून वाढवा, एका वेळी तासाच्या वर नको. रिंग नाही, साधी उशीही नाही, दाब पसरवणारं फोम, जेल किंवा हवेचं कुशन घ्या, बसवून त्याखालीही तो हात घालून बघायचाच. पावलं जमिनीवर किंवा पाटावर पूर्ण टेकली पाहिजेत, लोंबकळली की पुढे घसरतात आणि घसरल्या की बरोबर माकडहाडावर बसतात. दर १५ मिनिटांनी पुढे टेबलावर कोपरं टेकवून वाकायला सांगा, मिनिट-दोन मिनिटं, मग डावीकडे कलायचं, उजवीकडे कलायचं. टीव्ही बघत असतील तर जाहिराती लागल्या की वाकायचं असं ठरवून द्या, आमच्या वॉर्डात तेच चालायचं.